सापडली का ती पोरगी?

मे महिन्यात आमच्याकडे सगळे हॉलमध्येच झोपतात. घरात मोठा कूलर एकच, आणि नागपूरच्या मे महिन्याबद्दल नागपूरकरांना मी काय सांगणार. नवीन वाळा लावलेला होता, त्याचा ओला वास, पंपाची कुरकुर, मधेच खिडकीतून येणारी गरम हवेची झुळूक. बारा वाजून गेलेले, मी इअरफोन लावून फोनवर सिम्युलाक्रा नावाचा हॉरर गेम खेळत पडले होते, आणि नेमकी इअरफोनची बॅटरी संपली आणि आवाज धाडकन स्पीकरवर आला. ॲनाचा व्हिडिओ चालू होता तेव्हा. घाबरलेली, रडवेली मुलगी, श्वास लागलेला, आमच्या हॉलमध्ये, आईच्या उशापासून दोन हातांवर. मी पटकन आवाज बंद केला पण आई जागी झालीच. "कोण रडून राहिलं गं?" मी म्हटलं काही नाही आई, गेम आहे, एक मुलगी हरवलीय आणि तिचा फोन मला सापडलाय असं आहे त्यात, झोप तू. ती कूस बदलून झोपली. सकाळी चहाचा कप हातात घेऊन पहिला प्रश्न हाच, "सापडली का ती पोरगी?"

मी हसून सांगितलं की अगं ती खरी नाहीये. तिने मान हलवली, कळल्यासारखी. आणि संध्याकाळी मी बँकेतून आले तर पायातली चप्पल काढेपर्यंत परत तोच प्रश्न.

आईला गेम म्हणजे काय ते चांगलं कळतं, ती स्वतः रोज लुडो खेळते फोनवर, तेव्हा खरं-खोटं न कळून ती विचारत नव्हती. हेच मला खुपत राहिलं. मी इतके दिवस ॲनाच्या फोनमध्ये होते, तिचे मेसेज वाचले, फोटो बघितले, तिचा बॉयफ्रेंड ग्रेग आणि डेटिंग ॲपवरचा तो टेलर दोघांवर संशय घेतला, आणि माझ्या डोक्यात चाललेलं हे की आता पुढचा क्लू कुठे असेल. ती सापडावी असं मला वाटतंय का, हा प्रश्न मला पडलाच नव्हता. आईला तोच आधी पडला.

हे फोनमधल्या फोनचे गेम मला पहिल्यापासून आवडतात आणि ते का आवडतात यावर मी बराच विचार केलाय. २०१६ मध्ये सारा इज मिसिंग आला तो मी फुकटात डाउनलोड करून एका रात्रीत संपवला, छोटासाच आहे, पण नंतर माझ्या स्वतःच्या फोनची रिंग वाजली की पोटात खड्डा पडायचा. मग त्याच मलेशियातल्या कायगन गेम्सचा सिम्युलाक्रा आला २०१७ मध्ये, तो मोठा, त्यात खरे नट-नट्या, खरे व्हिडिओ. बाकीच्या हॉरर गेममध्ये एक अंधारा बोळ असतो, हातात टॉर्च असतो, आणि तुमच्या जागी कोणीतरी दुसरा माणूस चालत असतो. तो मेला तर तो मेला. इथे मधे कोणी नाही. तुमचा अंगठा जे दिवसभर करतो तेच करतोय, स्क्रोल करतोय, गॅलरी उघडतोय, मेसेजला उत्तर देतोय. गेम पूर्ण स्क्रीन घेतो आणि वर तिच्या फोनची पट्टी येते, तिच्या फोनचं घड्याळ, तिच्या फोनची बॅटरी, आणि तुमचा फोन तुमच्याच हातात असताना तुमचा राहत नाही. मे महिन्यात तर तो तापतो पण इतका की तळहाताला घाम येतो, एखाद्या तापलेल्या माणसाचा हात धरून बसल्यासारखं वाटतं.

आणि ते तीन टिंब. समोरचा टाईप करतोय. मग थांबतो. मग परत टाईप करतोय. माझ्या मते या गेममधली सगळ्यात भीतीदायक गोष्ट तीच आहे, किंकाळ्या आणि अचानक उमटणारे चेहरे त्यापुढे काहीच नाहीत. कारण ती भीती गेमवाल्यांनी बनवलेली नाही, ती आपण सोबत घेऊन आलोय. हॉस्पिटलमधून येणारा मेसेज, भांडणानंतरचा मेसेज, निकालाचा मेसेज, सगळ्याच्या आधी ती टिंबं आपण बघितलेली आहेत.

तर आईला मी सांगायला लागले. सगळं इंग्रजीत, त्यामुळे मी वाचायचं आणि मराठीत सांगायचं, रात्री जेवण झाल्यावर, कूलरसमोर, ती पाय पसरून बसलेली. ॲनाचा ग्रेग माझ्या तोंडून आमच्या त्रिमूर्तीनगरच्या एखाद्या मुलासारखा बोलायला लागला, "मी तिला कालपासून फोन करून राहिलो, उचलूनच नाही राहिली." खराब झालेले मेसेज यायचे, शब्द विस्कटलेले, ते जागेवर लावायचे, फोटो तुकड्या-तुकड्यांत यायचे ते जुळवायचे, ते आईला फार आवडलं, चष्मा लावून ती फोटो जुळवायला मदत करायची. भुताचा भाग आला की मात्र तिला काही घेणं-देणं नाही. आई नागपूरच्या महाल भागातली, लहानपणापासून पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे इडापिडेचे ते मोठे पुतळे, बघत मोठी झालेली. इडापिडा घेऊन जा गे मारबत म्हणून भर उन्हात ओरडायचं, धिंड काढायची आणि जाळून मोकळं व्हायचं, अशा गावच्या बाईला स्क्रीनवर चेहरा थरथरला म्हणून काय भीती वाटणार. ती म्हणायची, "ते भूत-बित राहू दे, तिच्या घरचे काय म्हणतात ते सांग." आणि दुसरा प्रश्न नेहमीचा, पोलिसात का नाही दिला फोन. या प्रश्नाचं उत्तर यातला कुठलाच गेम नीट देत नाही, कारण फोन पोलिसात दिला तर गेमच उरत नाही, पण आईने विचारल्यावर पहिल्यांदा मला ते टोचलं. खरंच, मी कोण आहे? दारात कोणाचा तरी फोन सापडला आणि मी आत बसून वाचत राहिले, त्या मुलीसाठी की मला मजा येतेय म्हणून?

ज्यांना सिम्युलाक्रा खेळायचा आहे त्यांनी हा एक परिच्छेद सोडा. शेवटाकडे कळतं की त्या फोनमध्ये जे काही आहे ते माणसाच्या मागे राहिलेल्या मेसेज-फोटो-प्रोफाईलमधून माणूस बनवू बघतंय, खऱ्या माणसाची जागा घेणारी त्याची नक्कल. पहिल्यांदा ते वाचलं तेव्हा मी फोन बाजूला ठेवून पाणी पिऊन आले. कारण तोपर्यंत मी तरी वेगळं काय करत होते? ॲनाला मी कधी भेटले नाही. तिच्या चॅटमधून, तिच्या ड्राफ्टमधून, तिने कोणाला काय सांगितलं आणि काय लपवलं त्यातून मीच एक ॲना बनवली होती आणि ती मला चांगली ओळखीची वाटायला लागली होती. भूत जे करत होतं तेच माझा अंगठा करत होता. गेम बनवणाऱ्यांनी हे मुद्दाम केलं असेल तर त्यांना सलाम, कारण भीतीचा हा भाग गेम बंद केल्यावरही बंद होत नाही.

या सगळ्यात एका रात्री आईने ट्रंकेची गोष्ट सांगितली. मी ती आधी कधीच ऐकली नव्हती.

आईची एक मैत्रीण होती, बडकस चौकाजवळच्या वाड्यात राहायची, दोघी सीताबर्डीला टायपिंगच्या क्लासला सोबत जायच्या. सत्तरच्या दशकातली गोष्ट. एक दिवस ती क्लासला म्हणून निघाली आणि घरी आलीच नाही. दोन दिवस विहिरी, तलाव, नातेवाईक, स्टेशन सगळं झालं. तिसऱ्या दिवशी तिची ट्रंक अंगणात आणून उघडली. आई तिथे होती. वाड्यातली सगळी बिऱ्हाडं गोळा झालेली, वरच्या गॅलरीतून पण लोक वाकून बघत होते. एकेक वस्तू बाहेर निघाली. अर्धा विणलेला स्वेटर, त्यात सुया तशाच. टायपिंगचे सरावाचे कागद. सिनेमाच्या तिकिटांचे अर्धुक. इनलँड लेटरची एक चळत दोऱ्याने बांधलेली. आणि कोणीतरी मोठ्या माणसाने ती पत्रं मोठ्याने वाचायला सुरुवात केली, कारण सगळ्यांना एकच शोधायचं होतं, तो कोण आहे. त्यात आईने तिला उन्हाळ्यात आजोळाहून पाठवलेली पत्रं पण होती. आईने त्यात काय लिहिलं होतं ते तिने मला सांगितलं नाही. एवढंच म्हणाली की लोक हसले. आणि मग तिकिटांवरून हिशोब लागला, दोन तिकिटं म्हणजे सोबत कोण, स्वेटरचं माप मोठं म्हणजे कोणासाठी, आणि संध्याकाळपर्यंत पूर्ण मुलगी तयार झाली होती, आईने कधी न पाहिलेली मुलगी. सिनेमाला सोबत आईच असायची. स्वेटर तिच्या भावाचा होता.

मी हे ऐकताना फोन हातातच होता आणि स्क्रीन विझली होती. आम्ही दोघी काही वेळ नुसत्या बसलो, कूलरचं पाणी संपत आलं होतं तर मी उठून पाईप लावला.

त्यानंतर मी ते गेम वेगळ्या नजरेने आठवायला लागले. डस्कवूड घ्या. जर्मनीच्या एव्हरबाईटचा, २०१९ ला सुरू झाला आणि १० एपिसोड संपायला २०२२ उजाडलं. हॅना नावाची मुलगी गायब होते आणि तिच्या फोनवरून तिच्या मित्रांना एक नंबर जातो, तो नंबर तुमचा. का, कोणालाच माहीत नाही. मग जेसी, थॉमस, क्लिओ, डॅन सगळे तुमच्याशी चॅट करायला लागतात, ग्रुप होतो, त्यात संशय, रुसवे, आणि एक जेक नावाचा हॅकर ज्याच्या प्रेमात जगभरातल्या किती पोरी पडल्या असतील देव जाणे. मीही जेकच्या मेसेजची वाट बघायचे, त्यात लपवण्यासारखं काही नाही. मधे मधे रंगीत तुकडे जुळवायचे गेम खेळावे लागतात पुढे जायला, ते कंटाळवाणं आहे, पण ग्रुपमध्ये परत गेलं की घरी आल्यासारखं वाटतं. आणि विचार केला तर डस्कवूड म्हणजे तो वाडाच आहे. मुलगी गायब, आणि अंगणात जमलेले सगळे तिच्याबद्दल बोलून राहिलेत. फरक एवढाच की डस्कवूडमध्ये मला त्या अंगणात जागा मिळाली म्हणून मी खूश होते.

लाईफलाईन वेगळा होता, तो २०१५ चा. त्यात शोध-बिध नाही, एका चंद्रावर यान कोसळलंय, टेलर नावाचा एकटा वाचलेला माणूस आणि त्याचे मेसेज फक्त तुम्हाला मिळतात. सगळं खऱ्या वेळात. तो म्हणतो मी आता तिकडे चालत जातो, की मग खरंच काही तास मेसेज नाही. एकदा तर रात्री थंडीत गोठू नये म्हणून रिॲक्टरजवळ झोपू का असं त्याने मला विचारलं आणि मी हो म्हटलं आणि झोपला तो. दुसऱ्या दिवशी मेट्रोत सीताबर्डीला गाडी बदलताना त्या गर्दीत, जिन्यावर, माझा हात पर्समध्ये फोन चाचपडत होता की उठला का हा. काउंटरवर बसून पासबुकं बघताना मनात तेच. त्यात मी कोणाचं काही वाचत नव्हते. तो स्वतः मला सांगत होता. विचारत होता. आज वाटतं की त्या गेममध्ये भीती कमी नव्हती पण लाज अजिबात नव्हती, ती यामुळेच.

सिम्युलाक्रा संपवल्यावर आईसाठी मी मुद्दाम अ नॉर्मल लॉस्ट फोन काढला. भुताचा नाहीये तो, फ्रान्समधल्या ॲक्सिडेंटल क्वीन्सचा, २०१७ चाच. सॅम नावाचं कोणीतरी, अठराव्या वाढदिवसाच्या रात्री घरातून निघून गेलेलं, आणि फोन आपल्या हातात. वडिलांचे मेसेज, आधी रागाचे मग काळजीचे, ते मी आईला वाचून दाखवताना माझा आवाज बसला. पासवर्ड शोधायचे असतात, कोणाचा वाढदिवस, कुठला पिनकोड, जुन्या मेसेजमध्ये दडलेलं. आई त्यात हुशार निघाली, तारखा तिच्या लक्षात राहतात. मग हळूहळू कळतं की घरच्यांनी मुलगा म्हणून वाढवलेली सॅम मुलगी आहे, आणि हे सांगायला तिला त्या गावात जागाच नव्हती. आई ऐकत होती. मला वाटलं काही विचारेल, समजावून सांगावं लागेल. ती एवढंच म्हणाली, "मग थांबून काय करणार होती बिचारी."

पण एका ठिकाणी आई अडली. पुढे जायला तुम्हाला सॅम असल्याचं भासवावं लागतं, तिच्या नावाने, म्हणजे जे तिने जपून बंद ठेवलंय ते उघडायला. मी बटण दाबणार तेवढ्यात आईने माझं मनगट धरलं. "तिला विचारलं का?" मी म्हटलं आई, त्याशिवाय गेम पुढे जात नाही. "मग नको जाऊ दे." आम्ही त्या रात्री तिथेच थांबलो. दुसऱ्या दिवशी तीच म्हणाली कर एकदाचं, ती पोरगी ठीक आहे की नाही ते तर कळू दे. हे दोन्ही तिला खरंच वाटत होतं, वाचू नये असंही आणि कळावं असंही, आणि मला तर हे गेम खेळताना कायम तसंच होतं, फक्त मी मनगट धरत नाही कोणाचं.

शेवट असा की सॅम सुखरूप गेलेली आहे, स्वतःच्या मर्जीने, आणि फोन तिने मुद्दाम मागे टाकलाय. तुम्ही कोणालाही काही कळवत नाही. सेटिंगमध्ये जाऊन फोनमधलं सगळं पुसून टाकता आणि गेम संपतो. मी आईला म्हटलं पुसू का. ती म्हणाली थांब, आणि स्वतः बोट ठेवून तिने ते केलं.

मग म्हणाली, मला माहीत होतं ती कुठे गेली ते.

मला आधी वाटलं सॅमबद्दल बोलतेय. ती ट्रंकवाल्या मैत्रिणीबद्दल बोलत होती. ट्रंक उघडल्यानंतर दोन-तीन महिन्यांनी आईला एक पोस्टकार्ड आलं होतं, जबलपूरहून, क्लासच्या पत्त्यावर. टायपिस्टची नोकरी लागली, खोली मिळाली, बरी आहे, कोणाला सांगू नको. सही पण नव्हती, अक्षरावरून ओळखलं. तो कोण, असा कोणी नव्हताच. घरी लग्न ठरवत होते आणि तिला नोकरी करायची होती, बस. आईने ते कार्ड चुलीत टाकलं आणि आजपर्यंत, बाबांनासुद्धा, सांगितलं नव्हतं.

मी त्या रात्री भांडले आईशी. म्हणजे आवाज चढवून नाही, पण भांडलेच. मी म्हटलं तिच्या आईला तरी सांगायचं, जिवंत आहे एवढं एक वाक्य, ती बाई किती वर्षं काय-काय मनात आणून बसली असेल. अख्खी रात्र ज्यांचे मेसेज वाचून मी रडवेली झाले ते सॅमचे वडील माझ्या डोळ्यासमोर होते. आई शांतपणे म्हणाली की एक वाक्य सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी चार माणसं जबलपूरच्या गाडीत बसली असती. मी म्हटलं ते तुला काय माहीत. ती म्हणाली, "मी होते ना त्या अंगणात. तू नव्हती."

अजून आमचं यावर एकमत नाही. मला अजूनही वाटतं की एक वाक्य पोचायला हवं होतं, नाव नाही, गाव नाही, नुसतं बरी आहे एवढं. मी तर तिला हेही म्हटलं की तूच नाही का चहा घेता घेता मला विचारत होतीस, सापडली का म्हणून, मग त्या आईला तेवढं विचारायचा पण हक्क नव्हता का. यावर आई बराच वेळ काही बोलली नाही, आणि मग म्हणाली की मी सापडली का विचारत होते ते ती बरी आहे का म्हणून, घरी आणली का म्हणून नाही, आणि तिची आई मला माहीत होती, ती पहिल्यांदा दुसराच प्रश्न विचारणारी बाई होती.